सेडी एलियटचं मत

२६ एप्रिल १९९८

लॉर्ना,

आईने सांगितलं म्हणून लिहिते आहे. तिला वाटतं, आपण दोघी एकमेकींना नेमाने लिहितो. तिचा हा समज मी मोडलेला नाही, तूही मोडू नकोस. नाताळच्या कार्डावर तू नुसती सही करतेस. मी ते तिला वाचून दाखवताना चार ओळी पदरच्या घालते. मुलं बर्फावर हॉकी खेळतात, ग्रॅहमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, असं काहीबाही. त्या गुडघ्याची तिने फारच काळजी लावून घेतली आहे. कधी फोनवर बोलणं झालंच तर नवऱ्याचा गुडघा आता बरा आहे म्हणून सांग.

ती अंथरुणातच आहे. मोडलेलं खुब्याचं हाड जुळलं, पण पाय काही पुन्हा टेकला नाही. पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी आणला आहे. कोण कुणाच्या गाडीतून उतरलं, कुणाचं कुत्रं मोकळं सुटलं, सगळी खबर मला तिच्याकडून मिळते.

सरकारने शांतता कराराची पुस्तिका घरोघर पाठवली आहे. वर चित्र आहे, आईबाप आणि मुलं सूर्याकडे बघत उभी आहेत. आई म्हणाली, "हा उगवतोय की मावळतोय?" मी म्हटलं, "ते छापलेलं नाही." ती म्हणाली, "मग सगळी वाच, आत कुठेतरी असेल."

रोज जेवण झालं की थोडी वाचून दाखवते. विधानसभा, सीमा, सीमेपलीकडच्या दक्षिणेशी संबंध, पोलिस. ती डोळे मिटून ऐकते, चर्चमध्ये प्रवचन ऐकते तशी. कैद्यांचं पान आलं. दोन वर्षांच्या आत सुटका. मी थांबले.

"म्हणजे क्विगचा पोरगा," ती म्हणाली.

"हो."

"थांबलीस का? वाच पुढे."

बावीस मे, शुक्रवार. मतदान माझ्याच शाळेत, जिथे मी रोज मुलांना बटाटे आणि वाटाणे वाढते त्या जेवणघरात. मी 'नाही' म्हणणार आहे. लहानपणापासून तू मला लेचीपेची म्हणत आलीस, म्हणून मुद्दाम लिहिते. ह्यात मी लेचीपेची नाही. आयव्हनला ज्याने मारलं तो चाळिशीच्या आत घरी येणार, आणि आपला भाऊ एकतिसाव्या वर्षीच थांबलेला, ह्याला 'हो' म्हणणारा हात माझा नाही.

पण एक सांगू? मला हा प्रश्नच नको होता. लंडनची माणसं एरवी आपल्याला न विचारता सगळं ठरवतात. आपण एक खासदार निवडून पाठवतो, तो तिथे घसा फोडतो, आणि आपण घरी बसून त्याला शिव्या देतो. ही व्यवस्था वाईट नव्हती. जे ठरवायचं ओझं त्यांच्यातल्या कुणालाच खांद्यावर नको असतं, तेवढं मात्र ते एका वाक्याचा प्रश्न करून आपल्या दारात टाकतात. पंचाहत्तर साली युरोपच्या सामायिक बाजारात राहायचं का, असंच विचारलं होतं. बाबांनी फाटकावर 'नाही'चा फलक लावला होता. हरल्यावर तोच उलटा करून खुराड्याला ठोकला, आणि कोंबड्यांना काही फरक पडला नाही. तेव्हा हरणं म्हणजे तेवढंच होतं.

ह्या वेळी निकालानंतर शिव्या द्यायच्या तरी कुणाला? शेजारच्यांनाच ना?

हेझल


९ मे १९९८

लॉर्ना,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता तिसऱ्यांदा बसले आहे, आणि शक्य तितकं शांतपणे लिहिते आहे.

मंगळवारी वेस्ली ग्रीर आला होता. तुला आठवतो तसाच आहे, फक्त केस गेले. हल्ली चर्चच्या समितीवर आहे आणि गावातल्या 'नाही'च्या मोहिमेचा प्रमुख. बायकोच्या हातचा केक घेऊन आला, टोपी मांडीवर ठेवून आईजवळ बसला, आणि तिच्या हातात पत्रक दिलं.

पत्रकावर आयव्हन होता.

हसणारा, टाय सैल केलेला. खाली मोठ्या अक्षरांत छापलेलं: 'आयव्हन एलियट ह्यांना मत देता येणार नाही. तुम्हाला देता येईल. नाही म्हणा.'

आईने चष्मा मागितला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "वेस्ली, हा फोटो तुला कुणी दिला?"

"का, चांगला नाही आला?"

"चांगलाच आहे. पण हा माझ्याकडे नाही. हेझलकडेही नाही. ह्याच्या खांद्यावर हात कुणाचा आहे?"

फोटोत त्याच्या खांद्यावर एक हात आहे, लॉर्ना. मनगटापाशी कापलेला. लेसची बाही थोडी दिसते. तुझ्या लग्नातली.

वेस्ली माझ्याकडे बघू लागला. त्याला वाटत होतं, आम्हाला माहीत असेल. "लॉर्नाने पाठवला," तो आईकडे वळून म्हणाला. "तिने स्वतःहून फोन केला, सेडी. कॅनडात बसून तिच्या जिवाला लागलंय. म्हणाली, तिथून मला दुसरं काय करता येणार."

आई म्हणाली, "आयव्हनने जन्मात कधी मत दिलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दिलं नाही. मतदानाच्या दिवशी तो मासे धरायला जायचा. म्हणायचा, आज नदीवर गर्दी नसते. त्याचे बाबा किती चिडायचे. आणि आता मेल्यावर तू त्याला मत द्यायला लावलंस."

वेस्लीने समजूत काढायचा प्रयत्न केला. तो वाईट माणूस नाही. आयव्हनचं प्रेत त्या रिकाम्या घराच्या अंगणातून त्याने आणि बाबांनीच उचलून आणलं होतं, हे मी विसरलेले नाही. त्या दिवसाबद्दल तो कधी बोलत नाही, पण अजून त्या रस्त्याने गाडी नेत नाही. तो म्हणाला, "सेडी, ज्याने पोलिस ठाण्याच्या फुटलेल्या काचा बसवल्या, एवढाच ज्याचा गुन्हा, त्याला खिडकीचं माप घ्यायला बोलावून गोळ्या घातल्या. हे लोकांना सांगायला नको?"

"लोकांना माहीत आहे," आई म्हणाली. "हे गाव एवढंसं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून काय करतोस?"

पत्रकं साऱ्या गावात गेली. माझ्या शाळेच्या कुंपणालाही एक लावलं आहे. सकाळी आत शिरताना तो माझ्याकडे बघून हसतो. मुलं विचारतात, "मिस, हा कोण?" मी म्हणते, "काचा बसवायचा."

तू विचारायला हवं होतंस. मला नाही, निदान आईला.

आज सकाळी मी तिचे केस विंचरत होते. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हेझल, माझं मत 'हो'ला दे."

तुला ठाऊक नसेल, मागच्या वर्षीच्या निवडणुकीपासून तिचं मत मीच देते. डॉक्टरांनी लिहून दिलं, तिच्या वतीने मत द्यायचं कार्ड माझ्या नावाने येतं. ती सांगते, मी खूण करते. आजवर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

मी म्हटलं, "काय म्हणालीस?"

"ऐकलंस की. ओढू नकोस इतकं, केस आहेत, गवत नाही."

हेझल


१८ मे १९९८

लॉर्ना,

तुझं पत्र मिळालं. एवढं मोठं पत्र तू अकरा वर्षांत लिहिलं नव्हतंस. आईला दाखवलेलं नाही. तिला सांगितलं, ग्रॅहम आता काठीशिवाय चालतो.

तू लिहितेस, तिला समजाव. लिहितेस, तिचं डोकं आता ठिकाणावर नाही. आणि शेवटी लिहितेस, ऐकली नाही तर तिचं मत देऊच नकोस, किंवा दे आणि 'नाही'वर खूण कर, तिथे आत बघायला कोण येतंय.

कुणी येत नाही, हे खरं आहे. म्हणूनच तसं करवत नाही.

तिचं डोकं ठिकाणावर आहे. मी वाद घालून बघितला. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. म्हटलं, "तू माफ केलंस त्याला?"

"कुणी मागितली माफी?"

"तो सुटणार, आई."

"ऐकलं मी ते पान. बहिरी नाही झाले. कागदावर प्रश्न काय आहे?"

"ह्या कराराला तुमचा पाठिंबा आहे का."

"माफ केलंत का, असं विचारलंय?"

"नाही."

"मग विचारलं नाही त्याचं उत्तर कशाला देऊ?"

 मग ती आपणहून बोलली. हे तुला तिच्याच शब्दांत लिहिते, कारण मला ते नीट सांगता येणार नाही. ती म्हणाली, "तो गेल्यापासून जो येतो तो त्याला घेऊन जातो. दर निवडणुकीला कुणीतरी त्या खुर्चीत बसतं, माझा हात धरतं, आणि जाताना आयव्हनला घेऊन जातं. सभेत, पेपरात, आता कुंपणावर. माझ्याकडे तो उरतच नाही. मला आठवायला गेलं तरी त्यांचाच आयव्हन आठवतो. हे भांडण मिटलं तर त्यांना तो लागणार नाही. मग येईल घरी."

"आणि क्विग?"

"तोही येईल त्याच्या घरी. मला ते सोसणार नाही. पण सोसवत नाही असं बरंच काही मी रोज सोसतेय, हेझल, आणि तू मला वर लापशी भरवतेस."

 तू असतीस तर ह्यावर काही बोलली असतीस. आयव्हनच्या दफनाला बायकांनी कबरीपाशी यायचं नाही, असं बाबांनी सांगितलं तेव्हा तू कोट चढवून सगळ्या पुरुषांच्या मागे चालत गेलीस. मी स्वयंपाकघरात अंड्याची सँडविचेस कापत राहिले. परत आल्यावर बाबा तुला काय म्हणाले ते मी ऐकलं होतं. त्यानंतर तू गेलीस ती गेलीसच. ते शब्द त्यांनी पुढे मागे घेतले असते असं मला वाटायचं, पण तसं त्यांना वाटेपर्यंत ते राहिले नाहीत.

तर माझं ठरलं आहे. शुक्रवारी मला दोन कागद मिळतील. आईच्या कागदावर 'हो', माझ्यावर 'नाही'. एकाच हाताने, एकाच पेन्सिलीने. बेरीज शून्य. एलियटांच्या घरातून ह्या देशाला काहीच सांगितलं गेलं नाही, असं होईल. हसू नकोस, पण हे ठरल्यापासून मला शांत झोप लागते. तिचंही राहिलं, माझंही राहिलं, आणि निकाल काही लागला तरी तो मी लावलेला नसेल.

हेझल


२४ मे १९९८

लॉर्ना,

ग्रॅहमने निरोप दिला असेल. बुधवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा आई खिडकीकडे तोंड करून होती. मला वाटलं, बाहेर काहीतरी बघते आहे.

तुझी फुलं आली. पांढरी, मोठी, महागातली. सगळ्यांनी विचारलं कुणाची. गुरुवारचं विमान घेतलं असतंस तर शुक्रवारी दुपारपर्यंत पोचली असतीस. मी चौकशी केली होती. तुला टोचायला लिहीत नाही, फक्त मी चौकशी केली होती हे तुला माहीत असावं.

इथे प्रेत फार दिवस ठेवत नाहीत, हे तू विसरली नसशील. म्हणून शुक्रवार. मतदानाचाच दिवस. माणसं काळ्या कपड्यांत एका दारातून निघून दुसऱ्या दारात जात होती. आमच्या ओट्यावर दोघे-तिघे दबक्या आवाजात आकडे लावत होते.

गुरुवारी घरात माणसांची रीघ होती. स्वयंपाकघरात मी कपबशा विसळत होते. वेस्ली आत आला, दार लोटून घेतलं. डोळे लाल होते, रडलेला होता. म्हणाला, "हेझल, हे बोलायची वेळ नाही. पण उद्या संपलं की संपलं. सेडीचं कार्ड तुझ्याकडे आहे ना?"

"आहे."

"वाया घालवू नकोस."

"वेस्ली, ती गेली."

"यादीत अजून आहे. यादी कधीची, मरण कालचं. अगं, ह्या मुलखात मेलेल्यांनी मत दिलं नाही अशी एक निवडणूक दाखव मला. त्यांच्या, कॅथलिकांच्या बाजूचं तर सगळं कब्रस्तान सकाळी आंघोळ करून रांगेत उभं राहतं." तो हसला, आणि लगेच त्याचं त्यालाच वाईट वाटलं. "पाप नाही ते. तिच्या मनात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. त्या दिवशी फोटोवरून चिडली, पण मनाने ती 'नाही'चीच. दुसरं काय म्हणेल आयव्हनची आई?"

दुसरं काय म्हणेल. दिवाणखान्यातल्या प्रत्येकाला तिच्या मनातलं माहीत होतं, लॉर्ना. सगळ्या बायकांना, पाद्रींना. ती शवपेटीत पडली होती, आणि तिचं मत कधीच ठरून गेलं होतं. मी कपबशा पुसल्या.

शुक्रवारी दोन वाजता दफन झालं. मी कबरीपाशी गेले. आता बायका जातात, कुणी काही म्हणत नाही. पाऊस नव्हता, वारा होता. आयव्हनच्या शेजारीच ठेवलं.

तिथून मी सरळ शाळेत गेले, एकटी. दाराशी दोन पोलिस. आत माझंच जेवणघर, माझा ॲप्रन खुंटीला, कोबीचा वास, आणि जिथे मी उभी राहून वाढते तिथे मतपेटी. टेबलामागे केनेथ बेगली होता, नगरपालिकेतला, शाळेत माझ्या वर्गात होता तो. त्याने उठून हात हातात घेतला. मग खाली बसून म्हणाला, "ओळखपत्र दाखवावं लागेल, हेझल. तुलाही. माफ कर."

मी ओळखपत्र दाखवून मतदानाची दोन्ही कार्डं काढली. पर्समध्ये ती एकमेकांना चिकटून होती. यादीत त्याची पट्टी आईच्या नावावर थांबली. एलियट, सारा; सेडी हे नुसतं हाकेचं नाव. खाली एलियट, हेझल. त्याने वर बघितलं. मला कळलं, मी काही बोलले नाही तर तो काही विचारणार नाही. नियम त्यालाही माहीत होता. पण तासाभरापूर्वी तोही कबरीपाशी येऊन गेला होता. त्याला वाटलं असेल, ही ज्या कुठल्या बाजूने देईल, देऊ दे बिचारीला.

दोन कागद. एक 'हो', एक 'नाही'. माझी शांत झोप तिथे टेबलावर पडली होती. मी ती उचलली असती तर कुणाचंच काही बिघडलं नसतं.

मी आईचं कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. "हे रद्द करून टाक," म्हटलं. "ती मत देणार नाही."

असं का केलं? प्रामाणिकपणा म्हणशील तर तसं नाही. तिला पेटीतून उठवून रांगेत उभं करणं मला जमेना. कुंपणावर आयव्हन, रांगेत आई. मग वेस्लीत आणि माझ्यात फरक काय राहिला असता?

केनेथने तिच्या नावावर रेघ मारली. मला एक कागद दिला.

लाकडी आडोशात उभी राहिले. दोरीला बांधलेली पेन्सिल. एक प्रश्न, दोन चौकोन. त्या एका 'हो'मध्ये सगळं कोंबलेलं होतं, विधानसभा, सीमा, पोलिस, आणि मॅलकी क्विग. हे घेते आणि ते नको, असं म्हणायला जागा नाही. खाली कारण लिहायला जागा नाही. 'कुणाच्या वतीने' लिहायलाही नाही. मला 'नाही' म्हणायचं होतं, लॉर्ना. माझा हात, माझं डोकं, सगळं 'नाही' म्हणत होतं. पण मग आई काय म्हणाली होती ते जगात कुठेच राहिलं नसतं. ती 'नाही' म्हणाली असंच सगळ्या गावाने धरलं होतं. तिचं म्हणणं फक्त माझ्या कानात होतं, आणि माझ्याकडे कागद एकच.

मी 'हो'वर फुली केली.

कागद पेटीत पडताना मला वाटलं, आईचं पोचवलं. घरी येऊन सँडविचेस वाढली.

काल निकाल लागला. शंभरातल्या एकाहत्तरांनी 'हो' म्हटलं. माझ्याशिवायही झालंच असतं. हे ऐकून हायसं वाटायला हवं होतं, पण उलट वाटलं. एवढ्या मोठ्या आकड्यात मला माझी फुली कुठेतरी दिसत होती, आणि ती पुसता येत नव्हती.

तुला हे सांगायलाच हवं असं नव्हतं. मत गुप्त असतं. पण तुझ्यापासून काही लपवून पुन्हा गुडघ्याच्या ऑपरेशनच्या गोष्टी रचायचा मला कंटाळा आला आहे.

हेझल


१९ सप्टेंबर १९९९

लॉर्ना,

तू उत्तर दिलं नाहीस. मी वाट बघायची सोडली होती. तरी आज लिहिते आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

मागच्या वर्षीचा ऑगस्टमधला, भर बाजारात बॉम्ब फुटला तो शनिवार तू टीव्हीवर बघितला असशील. त्या दिवसापासून कितीतरी आठवडे मी आरशात बघायची टाळायचे. वाटायचं, ह्यालाच 'हो' म्हटलं होतं का आपण? मग वाटायचं, नाही, हे व्हायला नको म्हणूनच म्हटलं होतं. दोन्ही खरं वाटायचं, सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. गावात मला मात्र सगळे जपत होते. त्यांच्या लेखी मी आयव्हनची बहीण, सेडीची मुलगी, 'नाही'वाली. केक यायचे, फोन यायचे. मी घ्यायचे. कुणी विचारलं नाही, म्हणून मी खोटं बोलले नाही.

गुरुवारी सकाळी बेकरीत गेले. रांग होती. माझ्यापुढे निळ्या जाकिटातला एक माणूस होता, मानेवर पांढरे केस. तो वळला तेव्हा मी ओळखलं. क्विग सुटून आल्याचं कानावर होतं. इतके दिवस मी दुसऱ्या रस्त्याने बाजारात जायचे. पण तेव्हा पेपरातल्या फोटोत होता तो पोरगा. हा म्हातारा व्हायला लागलेला माणूस होता. त्याला दात दुखत असावेत, गालावर हात होता.

त्यानेही मला ओळखलं. कसं ते विचारू नकोस, माझं नाक आयव्हनचं आहे.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पुढे कोण?"

तो पुढे होता. तो बाजूला झाला आणि म्हणाला, "ह्यांना द्या."

 मी सोडा ब्रेड मागितला. मुलीने बांधून दिला. पैसे दिले. वळताना तो तिथेच उभा होता, जमिनीकडे बघत. आणि लॉर्ना, माझ्या तोंडून निघून गेलं, "थँक यू." कुणीही बाजूला झालं की आपण म्हणतो तसं. आई लहानपणी चापट मारून शिकवायची तसं. बाहेर येऊन मी चर्चच्या भिंतीला धरून उभी राहिले.

दुपारी वेस्ली आला. हातात केक. बसला नाही.

"तू त्याच्याशी बोललीस म्हणे."

"तो बाजूला झाला. मी आभार मानले."

"आभार? त्याचे?"

"तोंडातून गेलं."

त्याने टोपी फिरवली. तो किती थकला आहे ते मला दिसलं. "ह्यासाठीच आपण 'नाही' म्हटलं होतं," तो म्हणाला. "हा दिवस बघायला लागू नये म्हणून. ज्यांनी 'हो' म्हटलं ते त्या रांगेत उभे राहायला हवेत. तू नाही."

तो मला वाचवत होता. नेहमीसारखं मान हलवली असती की तो बसला असता, केक कापला असता.

"मी 'नाही' म्हटलं नव्हतं, वेस्ली."

त्याला कळेना. मग कळलं. बोलला तेव्हा त्याचा आवाज मऊ होता. "त्या दिवशी तू आईला पुरून आली होतीस. अशा दिवशी माणूस भानावर नसतं. कुणी काही सांगितलं होतं का तुला? सेडीने? शेवटी शेवटी म्हातारी माणसं काहीतरी बोलतात..."

त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. मी फक्त 'हो, तिने सांगितलं' म्हणायचं. मग मी आज्ञाधारक मुलगी ठरले असते आणि आई भ्रमिष्ट म्हातारी. संध्याकाळपर्यंत ती घरोघर पोचली असती, 'नाही'वाल्यांच्या घरात कीव म्हणून, 'हो'वाल्यांच्या घरात आदर्श म्हणून. तिचीही पत्रकं निघाली असती.

"आईला ह्यात ओढू नकोस," मी म्हटलं. "मत माझं होतं."

"तुझं?"

"माझं."

"आयव्हनला आम्ही कसा उचलला ते तुला माहीत नाही," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "तुझ्या बाबांनी त्याच्या खिशातून मोजायची पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, ही सेडीला दाखवू नकोस. अजून माझ्याकडे आहे."

मी त्याचा हात धरायला गेले. त्याने तो मागे घेतला, रागाने नाही, भाजल्यासारखा.

दारापर्यंत गेला आणि थांबला. केक टेबलावर राहिला होता. ठेवून जायचं की न्यायचं, ते त्याला क्षणभर सुचेना. मग परत आला, उचलला, आणि घेऊन गेला.

आज रविवार. चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. मी एका टोकाला बसले होते, बाकीचा बाक रिकामा. स्तोत्र चालू असताना मला एकटीचाच आवाज ऐकू येत होता, आणि तो फारसा चांगला नाही, तुला माहीतच आहे.

इतके दिवस मी तुला सांगत आले आणि स्वतःलाही, की ती फुली आईची, मी नुसती पोचवली. वेस्लीला उलट सांगितलं, तेव्हा मी तिच्यासाठी खोटं बोलते आहे असंच मला वाटत होतं. आता तीन दिवस होऊन गेले. घरात बसून 'माझं' हा शब्द कितीदा तरी मनात म्हणून बघितला. त्यात कुठे खोटं आहे, ते मला सापडत नाही.

हेझल